उताराला आलेल्या पायऱ्या

नोकरीचा सहावा महिना होता. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे एका डोंगराच्या उतारावर ठरणार होतं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात बांधकामवाल्यांसाठी संगणकावर मॉडेलं करतात. माझ्या वाट्याला आलेला डोंगर मुळशी धरणाजवळचा, म्हणजे आमच्याच गावचा निघाला. तिथं वीकेंड बंगले होणार होते. आमची भाताची खाचरंही त्यातच विकली गेली होती आणि त्यावरच माझं कॉलेज झालं. त्यामुळे जमीन घेणाऱ्या बिल्डरसाहेबांविषयी मला कृतज्ञता आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

आमचे टीम लीडर व्हॉक्सेलचे भक्त. व्हॉक्सेल म्हणजे बारीक चौकोनी ठोकळे. त्यांच्या ढिगातून मातीसारखं मॉडेल घडवायचं. सपाट जागा झकास येते, उभी भिंतही येते. तिरकं काही केलं की मात्र ठोकळ्यांचे कोपरे बाहेर येतात आणि उताराला पायऱ्या पडतात.

"हा डोंगर आहे की जिना?" लीडर म्हणाले. "क्लायंटला लॉन पाहिजे. वरून बॉल सोडला तर थेट क्लबहाऊसला गेला पाहिजे. मंडेला डेमो आहे. तुझं कन्फर्मेशन त्याच्यावरच आहे हां."

मी गुळगुळीत करायचा ब्रश फिरवला. पायऱ्या गेल्या, पण डोंगर वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा दिसू लागला. मग ठोकळे बारीक केले. पायऱ्याही बारीक झाल्या आणि लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. शनिवारी तो तसाच घेऊन मी गावी गेले.

आई भाकरी थापता थापता स्क्रीनकडे बघत राहिली.

"आगं, ही तर आपली खाचरं!"

"आई, ती चूक आहे."

"चूक कशाची? ह्यो बांध, ही वरची तुज्या चुलत्याची, आन् ही खालची आपली. लई ब्येस काढलीस. शिकल्याचं सार्थक झालं बग."

"साहेब पुसायला सांगतायत. त्यांना गवत लावायचंय."

"गवत बांधावर आपसूक येतं. त्येला साहेब कशाला लागतुया?"

तिच्या बोलण्यात तथ्य होतं, पण कन्फर्मेशन तिच्या हातात नव्हतं. रविवारी मला युक्ती सापडली. उतार तिरका घडवायचाच नाही. आधी तो आडवा ठेवून, ठोकळ्यांच्या ओळी धरून सपाट कापायचा आणि मग ठोकळ्यांसकट अख्खा तुकडा कलता करायचा. उतार आरशासारखा आला. अट एकच, की तो तुकडा बाकीच्या मॉडेलमध्ये मिसळायचा नाही. मिसळला की ठोकळे पुन्हा सरळ रचले जातात. हे मी लीडरना मेलमध्ये ठळक अक्षरांत कळवलं.

आईनं तो आरशासारखा उतार पाहिला. "गेली व्हय," एवढंच म्हणाली आणि तवा उतरवला.

सोमवारी डेमोच्या आधी लीडरनी फाइल नीटनेटकी दिसावी म्हणून सगळे तुकडे एकत्र केले. पडद्यावर वरपासून खालपर्यंत जिना उभा राहिला. लीडर माझ्याकडे बघू लागले. माझ्या डोळ्यांपुढे घरी जायची एसटी आली.

"हे काय आहे?" बिल्डरसाहेबांनी विचारलं.

आईनं सांगितलेलंच तोंडून आलं. "सर, भाताची खाचरं. जागा खरी अशीच आहे. ही वरची, ही खालची." 'आमची' हा शब्द मी गिळला.

"वा! म्हणजे प्रत्येक बंगल्याला स्वतःची टेरेस!"

"एक्झॅक्टली सर," लीडर लगेच म्हणाले. "मुद्दाम ठेवलंय. खूप रिसर्च केला आम्ही."

आठवडाभरात मला कायम केल्याचं पत्र मिळालं. मी लीडरचे मनापासून आभार मानले. त्यांनी माझा मेल वाचला असता तर काय झालं असतं, कोण जाणे. पुढचं कामही मलाच दिलं: प्रत्येक पायरीवर काय बांधायचं ते मॉडेलमध्ये बसवायचं.

आईला फोन केला. "खाचरं ठेवली त्यांनी."

"बरं झालं. आन् आपल्या खालच्यात काय लावनार?"

"स्विमिंग पूल."

"व्हय," ती म्हणाली, "तितं पानी थांबायचंच."