वावराची जाळी

कारभारीआबा कधी बसलेले दिसले, तर समजावं की त्यांना ताप आलाय. एरवी हा माणूस बूड टेकणार नाही. पहाटे उठायचं, गच्चीवर जायचं, टाकी बघायची, खाली यायचं, फाटक हलवून बघायचं आणि परत गच्चीवर. बिडकीनकडचं वावर कंपन्यांच्या जागेत गेलं, शहरात गारखेड्यात घर झालं, तेव्हापासून तर पायाला भिंगरीच लागली. आठवड्यातून एकदा तरी बसनं बिडकीनला जायचं, जिथं आपली मोसंबी होती तिथं उभं राहायचं आणि तोंड पाडून परत यायचं. कामून जाता विचारलं तर म्हणायचे, “उगं. बघून येतो.” आता बघायला तिथं उरलं होतं काय? डांबरी रस्ता आणि दिव्याचे खांब!

जाताना मात्र फाटकाला बाहेरून कुलूप. आत बायको, दगडाबाई. किल्ली आबांच्या करदोड्याला. वावर होतं तेव्हा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली तिथंच असायची. ती खोली गेली, सवय गेली नाही. आबांच्या मनात वाईट काही नव्हतं हो, उलट काळजीनं जीव अर्धा व्हायचा. शहरात चोर लई, गाड्या लई, हिला रस्ता ओलांडायचा सराव नाही, असं ते भेटेल त्याला पटवून सांगायचे. फक्त दगडाबाईला कधी विचारलं नाही.

दगडाबाई जन्मभर बांधाबांधानं मोकळी फिरलेली बाई. इथं तिचा जीव रमला तो एका कोंबडीत. येताना डालग्यात घालून आणलेली तांबडी. पहिल्या खेपेला तांबडी खुडूक बसली, पिल्लं निघाली आणि मागच्या मोकळ्या प्लॉटातल्या मुंगसानं एकूण एक पिल्लू खाल्लं. त्या दिवशी दगडाबाईनं चूल पेटवली नाही. पुढं तांबडी परत खुडूक झाली, तेव्हा तिच्याखाली अंडी ठेवता ठेवताच तिनं सांगून टाकलं.

“ह्या खेपेला पिल्लं जगली तर बरं. नाय तर म्या चालले बिडकीनला, सांडूकडं. भाऊ हाये माझा, नाय म्हणायचा नाय.”

“आन मी?” आबा म्हणाले.

“तुमी फिरा की. तुमाला कुठं घर लागतंय?”

झालं! आबांचं अन्नावरचं चित्त उडालं. बायको रागावून बोलली असती तर त्यांनी मनावर घेतलं नसतं. पण ती शांतपणे, पीठ चाळावं तशी बोलली होती. ती खरंच जाईल, हे त्यांना पुरतं कळलं.

घरामागं वावराचं जुनं कुंपण पडलेलं होतं. जमीन ताब्यात द्यायच्या आधी लोकांनी झाडं तोडून नेली, पाइप काढून नेले. आबांनी लोखंडी अँगल उपटले, जाळीच्या गुंडाळ्या केल्या आणि सगळं टेंपोत घालून शहरात आणलं. भावकी पोट धरून हसली. “वावर दिलं आन कुंपण घिऊन आले,” असं दगडाबाई तेव्हा म्हणाली होती. गुंडाळ्या तिथंच गंजत पडल्या, त्यांच्यावर वेल चढला. पण आबांनी भंगारवाल्याला कधी फाटकाच्या आत येऊ दिलं नाही.

आता त्या जाळीचे दिवस आले. मोसंबीला ही जाळी होती तेव्हा आत शिरायला कुण्या डुकराची माय व्याली नव्हती. रानातले रोही, म्हणजे नीलगाई, यायचे, नाक लावायचे, निघून जायचे. मुंगूस काय चीज आहे! आबांनी परसात चर खणला. मुंगूस खालून उकरतं, म्हणून जाळी गुडघाभर खोल पुरली आणि वरून दगड ठोकून बसवले. अँगल उभे केले. घार आणि बोका वरून येतात, म्हणून माथ्यावरही जाळीच ताणली. दाराला कडी लावली. कडीवर समाधान होईना म्हणून तारेचे पीळ मारले, वर, मध्ये आणि खाली. मग एक अँगल हलवून बघायचा, दुसरा हलवायचा, फेरी मारून परत पहिला. जेवायला हाक मारली तरी फेरी पुरी केल्याशिवाय यायचे नाहीत.

शेजारच्या प्रमोदिनीताई बँकेत नोकरीला. भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, “आबा, कोंबडी ठेवताय की दरोडेखोर?”

“ताई, मुंगूस लई हरामी जात असती,” आबा मान वर न करता म्हणाले.

दगडाबाई आली. तिनं जाळीच्या भोकातून चार बोटं आरपार घातली, काढली, परत घातली.

“आवो, ही भोकं...”

“तुला काय कळतंय? डुक्कर शिरलं नाय कधी ह्यातून.”

“म्या डुकराचं नाय म्हणत.”

“मग जा ना घरात! माझं काम करू दे मला.”

ती गेली. दुसऱ्यांदा सांगायची तिची रीतच नव्हती.

पिल्लं निघाली. थोडे दिवस ती आईसकट खुराड्यात राहिली. मग एका सकाळी आबांनी त्यांना जाळीच्या आत सोडलं, दाराला पीळ मारले आणि पहाऱ्यासारखे भोवती फिरू लागले. मुंगूस आलं नाही. बोका प्रमोदिनीताईंच्या भिंतीवर आला, जाळी बघून तिथंच बसला. आबांना वाटलं, जिंकलो! त्या खुशीतच ते टाकी बघायला गच्चीवर गेले.

आणि खालून तांबडीचा असा आकांत ऐकू आला, की आबा दोन-दोन पायऱ्या उतरत आले. जाळी जागेवर. दार जागेवर. तारेचे पीळ जागेवर. तांबडी आत एकटी, जाळीवर आपटत होती, तुरा रक्तानं लाल झाला होता. पिल्लं बाहेर! डुक्कर अडवणाऱ्या त्या भोकांतून ती एक एक करून आरामात बाहेर पडली होती आणि दाणे टिपत फाटकाकडं चालली होती. बोक्यानं भिंतीवरून उडी घातली, एक पिल्लू तोंडात धरलं आणि गेलासुद्धा.

आबा दाराला झोंबले. पण पीळ त्यांनीच मारलेले! तार निघेना. तेवढ्यात दगडाबाई धावत आली. पिल्लं फाटकाखालून सरळ गल्लीत शिरत होती आणि गल्लीतून मोटारसायकली सुसाट. तिनं फाटक हलवलं. आबा घरात असले तरी आतून कुलूप असायचंच.

“किल्ली! आवो, किल्ली द्या!”

आबांनी कमरेला हात घातला. गाठ सुटेना.

“मला कोंडून घातलं ते घातलं, आता तरी द्या!” दगडाबाई ओरडली. इतक्या वर्षांत तिचा आवाज गल्लीनं पहिल्यांदा ऐकला.

आबांनी हिसका मारून करदोडा तोडला आणि किल्ली फेकली. दगडाबाई अनवाणी गल्लीत धावली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हातांनी पदर पसरला. एका मोटारसायकलवाल्यानं करकचून ब्रेक मारला. “मरायचंय का मावशी?” तो ओरडला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. इकडं आबांनी कोनाड्यातली पक्कड आणली आणि अँगलला बांधलेल्या तारा कटाकट तोडल्या. इतकी जपलेली जाळी त्यांनी हातानं ओढून बाजूला केली. तांबडी पिसं फुलवून सुटली ती थेट गल्लीत, दगडाबाईच्या पायाशी. कोंबडीनं हाक दिली आणि पिल्लं तिच्या पंखाखाली शिरली. एक गेलं. बाकी सगळी वाचली.

आबा उंबऱ्यावर मटकन बसले.

“जातीस का आता बिडकीनला?” त्यांनी विचारलं.

दगडाबाईनं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली. तांबडीला पिल्लांसकट घेऊन ती आत आली, तसा सवयीनं आबांनी किल्लीसाठी हात पुढं केला. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ आवळली.

“बारीक जाळी लागंल खालून, हातभर. उद्या शहागंजच्या बाजारातून आणते म्या.”

“तू? एकली?”

“व्हय. तुमी घरी बसा. तांबडीवर ध्यान ठिवा.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. फाटक उघडंच होतं. आबा दारात बसले ते हललेच नाहीत. टाकी वाहून गेली तरी उठले नाहीत. एखादी रिक्षा थांबली की मान उंचवायचे, दुसरंच कुणी उतरलं की परत खाली घालायचे. कामावरून परत आलेल्या प्रमोदिनीताई त्यांना तसं बसलेलं बघून घाबरल्याच.

“आबा, बरं नाही का?”

“बरं हाये. ती बाजारात गेलीय.” आबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले. “ताई, घरात बसून वाट बघणं लई वंगाळ असतंय वो. ती कशी बसली असंल इतके दिस?”