आप्पागुरुजींनी अंगावर घेतलेली आण

शाल घाला, नारळ द्या, हार घाला, माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांच्यामुळं आमच्या अख्ख्या गावात पाळणे हलले, त्यांची स्वतःची नात आज जमिनीवर गोधडीत पडली आहे, आणि त्यांच्या साठीचा समारंभ करणारे तुम्ही जालन्यात बसून मंडपाला झालर कोणती लावायची ते ठरवता, हे मला बिलकुल पटत नाही. समितीच्या चिटणीसांना मी हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "गिरजाबाई, आम्ही गौरवलेख मागितला आहे, तक्रारअर्ज नाही. गुरुजींचं कार्य लिहा. पाळण्या-गोधडीचं घरगुती नको." मी म्हटलं, गुरुजींचं सगळं कार्य घरगुतीच आहे. ते काढलं तर उरते नुसती शाल.

तेव्हा मी माझ्या पद्धतीनं लिहिते आहे. ज्यांना भारी भाषा हवी त्यांनी पुढच्या विद्वानांचे लेख वाचावेत.

आमचं खेडं टेंभुर्णीच्या पलीकडं. आप्पागुरुजी त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना घेऊन तिथं राहायला आले तेव्हा मी नवी सून होते. गावात शाळा नव्हती. सकाळी ते मुलांना शिकवायचे. दुपारी आम्ही बाया आमच्या ओसरीवर डाळ निवडत बसायचो. एक दिवस ते ओसरीखाली उभे राहून म्हणाले, "तुमच्या सुपात एक अक्षर काढू का?"

मी म्हटलं, "काढा की. पर डाळ सांडली तर भरून कोण देईन?"

सासूबाईंनी डोळे वटारले. गुरुजी म्हणाले, "मी देईन," आणि सुपात पसरलेल्या डाळीत बोटानं 'ग' काढला. "हे तुमच्या नावाचं पहिलं." डाळ सांडली नाही. मी जे काही शिकले ते असं, सुपात शिकले. चुकलं की सूप हलवायचं, चूक गेली. पाटीचा खर्चा नाही आणि कुणी हसायला नको.

गुरुजींना शब्दांचं भारी वेड. एखादा शब्द कुठून आला, कुणाच्या घरातून कुणाच्या घरात गेला, हे ते सोयरिकी सांगाव्यात तसं सांगायचे. एकदा कचेरीचा शिपाई आला. म्हणाला, "मास्टरजी, इजाजत न घेता जमाव करायला मनाई हाय. बाया उठवा." बाया घाबरून सुपं घेऊन निघाल्या. गुरुजींनी शिपायाला बसवलं, पाणी दिलं, मग विचारलं, "हुकूम कोणाचा?"

"सरकारचा."

"सरकार म्हणजे कोण? तुम्हाला सांगितलं कोणी?"

"मला कारकुनानं सांगितलं. त्याला कोण बोललं ते मला काय मालूम? जा म्हणले, मी आलो."

गुरुजी त्याच्याबरोबरच तालुक्याला चालत गेले. कारकून म्हणाला वरून आलं, वरचे म्हणाले आम्ही काही बोललोच नाही. शेवटी साहेबांनी विचारलं, "बाया करतात काय तिथं?" गुरुजी म्हणाले, "डाळ निवडतात." साहेब म्हणाले, "डाळ निवडायला मनाई कशी असेल?" गुरुजी दिवे लागायच्या आत परत आले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या सुपात त्यांनी 'मनाई' लिहिलं.

ते म्हणाले, मनाई अरबांकडची. दिल्ली-हैदराबाद करत आपल्या कचेरीत उतरली. बंदी फारसीतली, अंगरख्याला बांधायचा बंद तिच्याच कुळातला. निषेध संस्कृतातला, तो पोथीत असतो. वर्ज्य उपासाच्या ताटात असतं. "आणि आपल्या घरातला शब्द कोणता?"

आम्ही सगळ्या एकदम ओरडलो, "आण!"

"कशी कशी म्हणता?"

"मायची आण, म्या न्हाई केलं," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "पांढरीची, गावच्या मातीची आण घालून पंच इचारतेत." तिसरी म्हणाली, "म्या नवऱ्याला तंबाखूची आण घातली हाय. पाळतो का, ते इचारू नका."

गुरुजी हसले. म्हणाले, शपथही आण आणि मनाईही आण, पण मुळात ती आज्ञा. जुन्या लोकांच्या तोंडी आज्ञेची आणा झाली, आणेची आण झाली, जातं झिजतं तशी. "आज्ञा आभाळातून पडत नाही, बायांनो. ती घालणारं एक तोंड असतं. आण दिसली की आधी तोंड शोधा."

आता पाळण्याचं सांगते. चिटणीसांनी वाटलं तर डोळे मिटावेत.

माझं पहिलं लेकरू विंचवानं नेलं. जमिनीवर निजवलं होतं. दुसरं कुठं निजवणार? आमच्या गावात पाळणा बांधायचा नाही, झोळी टांगायची नाही. शेतात बाभळीला झोळी बांधली तर चालायची, गावात नाही. का, तर देवीची आण. त्यापुढं कुणाला काही ठाऊक नव्हतं. मला पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी दोर आणला आणि घरातल्या तुळईला झोळी बांधून टाकली.

घरासमोर गाव जमलं. "हिच्यापायी कोप होईल," म्हणू लागले. सासूबाई रडत माझ्या पाया पडायला आल्या. माझे मालक दोराकडं पाहत उभे. तेवढ्यात गुरुजी आले. त्यांनी गावाला वेडं म्हटलं नाही आणि मलाही दोर सोड म्हटलं नाही. म्हणाले, "झोळीत अजून लेकरू नाही. ते येईपर्यंत दोर राहू द्या. तोवर मी विचारून येतो, ही आण घातली कोणाच्या तोंडानं."

मग ते तोंड शोधत फिरले. पुजारी म्हणाला, मला मायनं सांगितलं. त्याची माय म्हणाली, मी म्हाताऱ्या कुंभाराकडून ऐकलं. कुंभार म्हणाला, "गुरुजी, तुम्ही कुठं बी फिरून राह्यले. गिरजाबाईच्याच सासरी काय तरी झाल्तं म्हंतेत." गुरुजी सगळं गाव फिरून आमच्याच चुलीपुढं येऊन बसले. तिथं माझ्या मालकांची आजी, धुरपतमाय, भाकरी शेकत होती.

ती म्हणाली, "माझ्या सासूचं लेकरू होतं. पाळण्याचा दोर तुटला, लेकरू जात्यावर पडलं, गेलं. मंग कुठं बी पाळणा कुरकुरला की ती उठून पळायची, माझं रडून राह्यलं म्हणायची. एक दिवस दारात येऊन वरडली, बायाहो, पाळणा बांधाल तर तुम्हाला माझी आण हाय. तवा साऱ्या बायांनी आपापले पाळणे सोडले. म्या नवी नवरी होते, डोळ्यांनं पाह्यलं."

गुरुजींनी विचारलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीत, माय?"

"मला कोन्ही इचारलंच न्हाई."

गुरुजींनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग मला म्हणाले, "गिरजाबाई, त्या बायांनी एका बाईसाठी आपले पाळणे सोडले होते. केवढी माया. ती बाई गेली, आणि पुन्हा बांधा म्हणायचं राहून गेलं."

आमच्याकडं आण ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हटलं की सुटते. खेळताना पोरंसुद्धा म्हणतात. घालणारी तर गेलेली. तिच्या घरातलं थोरलं बाईमाणूस धुरपतमाय, तेव्हा तोंड तिचं. पण ती भ्याली. म्हणाली, "अशी मोकळी सोडली तर कुणाच्या तरी लेकरावर जाईन. कुनीतरी घेतली पाह्यजे."

दारात सगळं गाव होतं. सगळ्यांच्या घरी लेकरं. कुणी पुढं झालं नाही. मी तोंड उघडणार तोच गुरुजींनी आपलं उपरणं पसरलं. "मला द्या. माझ्या घरी पाळण्याची गरज नाही. तिथं ती पडून राहील."

त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि काकूंची ओटी रिकामी होती. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणाला वर बघवेना. धुरपतमायनं ज्वारीची ओंजळ त्यांच्या उपरण्यात घातली.

"घेतली?"

"घेतली. माझ्या घरी पाळणा बांधणार नाही."

"मंग सुटली."

माझा थोरला त्या झोळीत वाढला. आज तो औत हाकतो आहे. नंतर सुताराला घराघरातून पाळण्याचं बोलावणं येऊ लागलं. काकूंना गुरुजींनी हे घरी जाऊन सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतं." ती ज्वारी त्यांनी दळली नाही. गाडग्यात घालून देवाजवळ ठेवली.

आणि मग कुसुम झाली. त्या घरात, इतक्या वर्षांनी! मी माझ्या धाकट्याचा पाळणा धुऊनपुसून डोक्यावर घेऊन गेले. गुरुजींनी तो परत पाठवला. रिकामा पाळणा धाडू नये म्हणून आत गूळ ठेवला आणि सांगितलं, "शब्द दिला आहे." मी तो गूळ रागानं चार दिवस खाल्ला नाही.

कुसुमला त्यांनी पायांवर वाढवलं. ओसरीवर पाय लांब करून बसायचे, पायांवर लेक, हातात सूप. पाय हलवत हलवत आम्हाला जोडाक्षरं सांगायचे. ती झोपली की पाय हलवायची सोय नाही, ती उठेल. मग त्यांचे पाय असे बधिर व्हायचे की उठताना आम्हा बायांना दोन्हीकडून धरावं लागायचं. काकू आतून म्हणायच्या, "धरा गं, पडतील. पाळणा आहे तो माझा." असा पाळणा मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिला नाही.

आता तीच कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. गुरुजी आता जालन्यात असतात, म्हणून मी मोटारीनं तिथं गेले. मुलगी झाली आहे, आजोबांचं कपाळ घेऊन आली आहे. गोधडीवर पडली होती. गुरुजी पाय लांब करून बसायला गेले आणि गुडघा धरून तसेच राहिले. मी पदर पसरला.

"द्या ती ज्वारी. धुरपतमाय गेली, सासूबाई गेल्या, आता त्या घरातलं थोरलं बाईमाणूस मी. 'सुटली' म्हणायचं तोंड माझं. आन् घेणारी बी मीच."

गुरुजी म्हणाले, "गिरजाबाई, तुमच्या घरी उद्या सून येईल. जी तुमच्या लेकरासाठी घेतली, ती तुमच्याच नातवंडावर टाकू?"

"तुमच्या नातीवर चालती व्हय?"

त्यांनी नातीच्या अंगावरची गोधडी सारखी केली. कुसुम म्हणाली, "मावशी, जाऊ द्या. मी बी जमिनीवरच वाढले."

मी म्हटलं, "तू जमिनीवर न्हाई वाढली बाई, तू बापाच्या नडग्यांवर वाढली. त्या आता साठीच्या झाल्या." काकू तोंड फिरवून आत गेल्या.

त्या दिवसापासून मी गावात घरोघर फिरले. ज्या ज्या घरात पाळणा आहे तिथं गेले. एक सून म्हणाली, माझं लेकरू पाळण्याबिगर झोपत न्हाई. तिची सासूच तिला म्हणाली, "तुझा नवरा ज्या पाळण्यात झोपला, तो कुणामुळं बांधला?" मग ती पण तयार झाली. ठरलं ते असं. कुसुमच्या लेकीचं बारसं येत्या शुक्रवारी आहे. त्या दिवशी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत आमच्या गावातला एकूण एक पाळणा सोडायचा. लेकरं मांडीवर, पायांवर, कडेवर. जसे त्या बायांनी एका बाईसाठी सोडले तसे आम्ही सोडणार. काकूंच्या गाडग्यातली ज्वारी मागवून गुरुवारी रात्रीच घराघरात एकेक दाणा वाटायची. सगळ्यांनी घेतली म्हणजे कुणा एकावर राहत नाही. मी म्हणेन सुटली. ज्वारी किडली असेल तर माझ्या शेतातली ताजी ओंजळ देते, त्यावरून आता वाद नको.

गुरुजींना देवानं उदंड आयुष्य द्यावं, या नातीचं लेकरू त्यांनी पाहावं, गुडघे बराबर चालावेत, डोळे शाबूत राहावेत, आणि काकूंनी त्यांच्याआधी कुठं जाऊ नये, कारण त्यांना धरायला कुणीतरी लागतं. हे मी मनापासून मागते. माझ्या दोन्ही लेकांपेक्षा कमी मागत नाही.

चिटणीससाहेब, ग्रंथ छापून व्हायला लागतील तेवढे दिवस लागू द्या. हा कागद मात्र आजच्या आज गुरुजींच्या हातात नेऊन द्या.

गुरुजी, धुवून ठेवलेला तो पाळणा माझ्या ओसरीवर आहे. शुक्रवारी सकाळच्या मोटारीनं घेऊन येते, आणि या वेळी त्यात गूळ घालून परत धाडायचा नाही. तुमच्याकडून एकच शब्द हवा. आम्ही सगळ्या पदर पसरून विचारतो आहोत, आण दिली? गुरुवारी दिवस मावळायच्या आत निरोप आणि ती ज्वारी धाडा. नाही धाडलात तर शुक्रवारी सोडलेले पाळणे शनिवारी कुणी बांधणार नाही. गावातली सगळी तान्ही पोरं घेऊन आम्ही तुमच्या दारात येऊ. घ्या मग पायांवर आणि निजवा. तेव्हा सांगा, दिली की नाही?