बासरीच्या आधीचं हसू

नळाला पाणी यायच्या आधी दाजींना ते ऐकू यायचं. नांदेडला आक्काच्या गल्लीत आठवड्यातून एकदा पाणी, तेही कधी पहाटे, कधी भर दुपारी. अख्खी गल्ली नळाकडे डोळे लावून बसलेली असायची आणि आमचे दाजी पलंगावर आडवे पडल्या पडल्या म्हणायचे, "उठा, निघालंय." नळ कोरडा ठणठणीत. आक्का मुकाट्यानं घागरी मांडायची. पाच मिनिटांनी नळ खोकायचा, फुसफुसायचा आणि धार लागायची. शेजारच्या बायका पाण्याची चौकशी आक्काकडेच करायला यायच्या. मला या माणसाचा फार हेवा वाटायचा. वाटायचा कसला, वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी काही वाकडं बोललो तर ते कुठून येतंय हे तुम्हाला कळेल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे देगलूरचे, नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. परगावी बोलायचं तर ऑपरेटरकडून जोडून घ्यायचं, असे ट्रंक कॉलचे दिवस. लाइनवर इतकी खरखर की समोरचा माणूस बोलतोय की पापड तळतोय ते कळू नये. ज्या लाइनवर बाकीचे ऑपरेटर हात टेकायचे ती दाजींकडे यायची. ते डोळे मिटायचे, थोडं थांबायचे आणि पलीकडचं बोलणं शब्द न शब्द सांगायचे. म्हणायचे, "आवाज कुठं जात न्हाई. खरखरीच्या मागं बसून ऱ्हातो. जरा दम धरायचा." मी लातूरहून बी.एस्सी.साठी नांदेडला आलो आणि आक्काकडेच राहिलो. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांच्या कानांचं कौतुक करायचे. आमची आई तर जावयाचे कान असे सांगायची जणू तिनंच ते घडवून दिले होते. माझा नंबर मार्कशीटवर वर असायचा, पण त्याचं कुणी नाव काढायचं नाही.

त्यांच्याकडे तीन कॅसेटी होत्या आणि त्या कशा आल्या तेही ऐकण्यासारखं आहे. गुरुद्वाऱ्यात दर्शनाला इंग्लंडातून एक तरुण सरदारजी आलेला. त्यानं घरी फोन लावला, तर आईचा आवाज त्याला ऐकूच येईना. मग दाजींनी मध्ये बसून आई काय म्हणते ते त्याला त्यांच्या देगलुरी हिंदीत सांगितलं, त्याचं उत्तर आईला ओरडून पोचवलं. तिच्या पंजाबीतलं काय कळलं कुणास ठाऊक, पण पोरगा ढसाढसा रडला. जाताना आपल्या वॉकमनमधली कॅसेट आणि पिशवीतल्या दोन, अशा तीन कॅसेटी त्यानं दाजींच्या टेबलावर ठेवल्या. अहो, मी त्याला आधी भेटलो असतो तर मला दिल्या असत्या, असंही मला पुष्कळ दिवस वाटायचं. आता मला कसल्या देतो तो!

या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे मला फार पुढं कळलं. दाजी त्याला 'लांबचं गाणं' म्हणायचे. एक गाणं म्हणजे कॅसेटची एक अख्खी बाजू. वीस-बावीस मिनिटं. ऑर्गन, गिटार, ढोल, मध्येच बासरी, मध्येच सगळं बंद. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मशीन बिघडलं. दाजींना त्यात परकं काही वाटलंच नाही. ते म्हणाले, आपल्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कव्वालीत एक जण धरतो, दुसरा सोडवतो, तिसरा भलतीकडंच घेऊन जातो आणि शेवटी सगळे घरी येतात, तसंच हे. बनियनवर, भिंतीला पाठ टेकून ते जमिनीवर बसायचे. गाणं संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही. मी चुळबुळ केली की म्हणायचे, "घाई आसंल तर बातम्या ऐक."

आता मुद्द्याचं. पहिल्या कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूला, गाण्याच्या मधोमध सगळी वाद्यं थांबतात. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग बासरी सुरू होते. दाजींचं म्हणणं असं की बासरी तोंडाला लावायच्या आधी तो बासरीवाला हसतो. मोठ्यानं नव्हे, समोरून कुणी खूण करावी आणि आपण नाकातून हसावं, तेवढंच. तिथं आलं की ते एक बोट वर करायचे. "हसला बग." मला ऐकू यायची ती फक्त टेपची सूं सूं. पन्नासदा ऐकलं, कान स्पीकरच्या जाळीला लावला, सूं सूं. एकदा आक्का तांदूळ निवडत बसली होती. तिला या गाण्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. ती सुपातून मान वर न काढता म्हणाली, "हसतोय की." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी एकदा मी थाप मारली. त्यांचं बोट वर गेलं आणि मी म्हणालो, "हो हो, हसला!" दाजींनी टेप बंद केली. गाणं अजून त्या जागेपर्यंत आलंच नव्हतं. दुसरीच एक शांत जागा होती आणि बोट त्यांनी मुद्दाम वर केलं होतं. मग ते जे हसले, की डोळ्यांतून पाणी. तिथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी ते एक्स्चेंजमध्ये सांगितलं. त्यानंतर मी डबा द्यायला गेलो की तिथला एकूण एक माणूस विचारायचा, काय पाव्हणं, हसला का? दाजींच्या मनात काही नव्हतं, मला ठाऊक आहे. पण ज्याची होते त्याला ती मस्करी वाटत नाही.

पुढं मी लातूरला फिजिक्सचा मास्तर झालो. दाजींनी माझं नाव तेव्हापासून 'मास्तर'च ठेवलं. वर्गात ध्वनी हा धडा शिकवताना फळ्यावर लहरी काढायचो आणि मनातून जळायचो, कारण ज्या माणसाला हर्ट्झ म्हणजे काय ते माहीत नव्हतं त्याला माझ्याहून जास्त ऐकू येत होतं. मी चांगले स्पीकर आणले. भारी हेडफोन आणले. दरम्यान ती कॅसेट झिजली आणि एक दिवस मशीननं ती गिळून टाकली. दाजींनी ती फीत पेन्सिलीवर गुंडाळून पाहिली, पण चुरगळलेली ती चुरगळलेलीच. मग मला पुण्यात त्याच अल्बमची सीडी मिळाली. लातूरला घरी न जाता मी थेट नांदेड गाठलं. ती जागा आली. ऑर्गन थांबला, स्वच्छ शांतता, सुई पडली तरी ऐकू यावी अशी, आणि एकदम बासरी. हसू नाही. दाजींनी तीनदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "सूं सूं धुताना हसू गेलं मास्तर. खिशातली चिट्ठी जाती तसं." मी त्यांना सोडलं नाही. पाव्हण्यांत, लग्नात, जयंतीच्या मांडवात, जिथं त्यांच्या कानांचा विषय निघेल तिथं मी तो किस्सा सांगायचो. दाजींचा बासरीवाला! लोक हसायचे. दाजीही हसायचे, पण नंतर नंतर ते बोट वर करेनासे झाले. आपल्याला तेव्हा भास झाला असंल, असं एकदा आक्काला म्हणाले म्हणे. तरी मला पुरं समाधान नव्हतं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की मास्तर, कान तुझे बरोबर. एवढ्या वर्षांत एवढंच हवं होतं.

निवृत्तीनंतर त्यांचे कान गेले. आधी बारीक आवाज गेले, मग माणसं. कानात मशीन आलं, ते शिट्टी मारायचं म्हणून काढून खिशात ठेवायचे. समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची सवय लागली. खोटं कशाला बोलू, आक्काचा फोन आला तेव्हा मला आधी वाईट वाटलं, पण त्याच्या खाली कुठंतरी, आता झाले सारखे, असंही वाटलं.

आणि अशा वेळी तो खोका आला. हल्ली त्या जुन्या बँडांच्या मूळ टेपा शोधून, आवाज पुन्हा उजळून, म्हणजे रीमास्टर करून, जाडजूड पुस्तकासकट पेटीत घालून विकायची टूम निघाली आहे. बॉक्स सेट म्हणतात. आमच्या त्या अल्बमचा येणार हे मी वर्षभर आधी वाचलं होतं. ज्या दिवशी विक्री उघडली त्या दिवशी मी पोरांची तोंडी परीक्षा घेत होतो. संध्याकाळी बघतो तर संपलेला. आणि महिन्याभरानं कळलं की इंग्लंडात नोकरीला असलेल्या माझ्या भाचीनं तो नांदेडला पाठवलाय, बापासाठी. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत! ठार बहिऱ्या माणसाच्या घरी तो खोका, आणि मी इकडं जळतोय.

आक्का म्हणाली, त्यांनी तो फोडलेला नाही, तुझी वाट बघताहेत. मी रविवारची एसटी धरून लोह्यामार्गे नांदेडला पोचलो. दाजी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. खोक्यावरचं नाव मला वाचायला लावलं आणि म्हणाले, "रीमास्टर. म्हंजी मास्तर, तुलाच बोलावलंय." खोका फोडला आणि पुस्तकात काय आहे ते मी त्यांना वाचून, हातवारे करून सांगितलं. की या वेळी मूळ टेप जशीच्या तशी घेतली आहे, आधीच्या सीडीत शांत जागांवर जी कात्री लागली होती ती लावलेली नाही. दाजींनी मान डोलावली. भिंतीपाशी न बसता माझ्या समोर पाट ओढून बसले. कानातलं मशीन खिशात. मी सीडी सुरू करून सोबत आणलेले हेडफोन लावले.

काय सांगू तुम्हाला. ऑर्गन असा आला की खोलीतच कुणी बसलंय. गिटारच्या तारेवर बोट घसरतं तेही ऐकू येत होतं. मी दाजींना विसरलो. मग सगळी वाद्यं थांबली. आणि त्या शांततेत, उजव्या कानाशी, एक माणूस हसला. नाकातून, हळूच. बस्स. मग बासरी.

होता. पहिल्यापासून होता.

मी हेडफोन काढले. दाजी पुढं झुकून बघत होते. त्यांनी बोट वर केलं नाही. नुसतं विचारलं, "हसला का?"

मी म्हणालो, "नाही दाजी." त्यांना नीट कळावं म्हणून मानही हलवली. "नुसती बासरी."

त्यांनी खोका पुढं ओढला. मग पेटी बंद करून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "घिऊन जा. कान तुझेच बरे, मास्तर. म्हणून तर तुला बलावलं." म्हणजे जे ऐकायला मी तीस-पस्तीस वर्षं तडफडत होतो ते मिळालं. आणि मी काय करावं? खोका उचलला, जेवायला थांब म्हणत असताना थांबलो नाही, रिक्षानं स्टँड गाठलं आणि लातूरला निघून आलो. चार महिन्यांनी दाजी गेले. झोपेतच गेले.

दाजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाव्हणे पांगले, आणि स्वयंपाकघरात आक्का एकटी सापडली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मी ऐकलं होतं, आक्का. हसू आहे तिथं. मी त्यांच्याशी खोटं बोललो. मला वाटलं होतं ती रडेल, निदान एक शिवी घालेल. तिनं भांडं विसळून पालथं घातलं.

"त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "तू रिक्षात बसलास आन हे आत आले. म्हणाले, हसला गं. मास्तरच्या तोंडावर हसला. ते ऐकताना तू हसलास म्हणे. तुला कळलं न्हाई का?"

मला कळलं नव्हतं.

"मग मला का बोलले नाहीत?"

"मी पण तेच इचारलं. म्हणाले, पहिल्यांदाच जिंकल्यागत वाटून राहिलंय त्याला. वाटू दे."

कानांचं मी आता सोडून दिलं आहे. पण ते 'वाटू दे' मला त्यांच्या जागी असतो तर म्हणता आलं नसतं, हे मला पक्कं माहीत आहे, आणि दाजी जाऊन वर्ष झालं तरी त्याच्यावरून मी अजून त्यांच्यावर जळतो.