पितळी कनेक्टर

स्पिरिटचा वास आला की मला लोणावळ्यातलं आमचं बंगले बुकिंगचं ऑफिस आठवतं. शेजारच्या टेबलावर मावळातल्या खेड्यातून येणारी एक मुलगी बसायची. तिने हौसेने स्वतःचा मेकॅनिकल कीबोर्ड आणला होता. त्याच्या केबलला मधोमध आट्यांनी आवळायचा पितळी कनेक्टर होता, आणि बटणांचा खटखट आवाज असा ऐटीत की गिऱ्हाईक मला ओलांडून तिच्याचपुढे बसायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एका संध्याकाळी ती गेल्यावर मी तो कनेक्टर हळूच सैल केला, आणि मग रोजच करू लागले. सकाळी गिऱ्हाइकासमोर कीबोर्ड बंद पडायचा, साहेब सगळ्यांदेखत तिला बोलायचे. ती कापसावर स्पिरिट घेऊन कनेक्टर पुसत म्हणायची, "हितली हवाच लय दमट, ताई. तुमी बघा की जरा." मी आवळला की कीबोर्ड लगेच चालायचा. नोकरी सोडताना तिने तो मलाच दिला. "तुमच्याच हाताला ऐकतोय ह्यो," म्हणाली. आज तो माझ्या टेबलावर आहे. चार पावसाळे झाले, हवा तितकीच दमट आहे, पण कनेक्टर एकदाही सैल झालेला नाही.