रोज दुपारची बातमी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिच्यापासून लपवलेलं असं माझ्याकडे फार काही नाही — मी बोलका माणूस, पोटात काही राहत नाही माझ्या. हे मात्र राहिलं.

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. कालप्रवासाच्या सिनेमांवर मी बोलतो. दादरच्या एका हॉलमध्ये आमचा सिनेमा क्लब भरतो, तिथे असा सिनेमा दाखवला की नंतर माइक माझ्याकडे येतो. भूतकाळात जाऊन स्वतःच्याच आजोबांना मारलं, तर मारणारा जन्मला कसा? असल्या प्रश्नांनी लोकांची डोकी फिरतात, ती मी ताळ्यावर आणून देतो. खोटा विनय कशाला? या विषयात मला तोड नाही, निदान लालबाग ते दादर या पट्ट्यात तरी नाही.

त्यातही माझा हातखंडा म्हणजे लूपचे सिनेमे. एकच दिवस पुन्हा पुन्हा उगवतो. बाकी सगळ्यांसाठी तो नवा, एकट्या नायकाला मात्र कालचं सगळं आठवतंय. तो आधी मजा मारतो, मग वैतागतो आणि शेवटी सुधारतो. का सुधारतो? मी सांगायचो — कारण लक्षात ठेवणारा तो एकटाच, म्हणून जबाबदारीही त्याच्या एकट्याची. यावर टाळ्या पडायच्या. अजून पडतात.

आता आईबद्दल. लालबागला आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात आम्ही राहतो. वडील गिरणीत होते, ते केव्हाच गेले. आईला शेवटची काही वर्षं विसरण्याचा आजार होता. माझी बायको, मंजिरी, नोकरीला जायची. मी सिनेमांची सबटायटल्स लिहितो, तेही घरून, त्यामुळे दिवसभर आई माझ्याकडे. सोसायटीत कौतुक काय विचारता! असा मुलगा सगळ्यांना मिळो, म्हणायचे.

जेवण झालं की आई पिशवी भरायची. दोन लुगडी, फणी, भावाच्या पोरांसाठी बिस्किटांचा पुडा — ती पोरं आता स्वतःची नातवंडं खेळवतात. मग दाराकडे तोंड करून बसायची. पूर्वी तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, दरवर्षी मालवणाकडून मुंबईला येऊन तिला चतुर्थीसाठी माहेरी घेऊन जायचा. मे असो की डिसेंबर, आईच्या डोक्यात उद्या चतुर्थी असायची.

"दादा इलो काय रे? माका न्हेऊक येतलो तो."

मामा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आई ठणठणीत असतानाच तो गेला, ती त्याच्या बाराव्याला गावी जाऊनही आली होती.

सुट्टीच्या दिवशी मंजिरी घरी असली की सांगायची, आई, मामांची एसटी घाटात अडकलीय, तोवर चहा घ्या. आई चहा घ्यायची. मग माहेरचा गणपती, त्याच्या डोक्यावर बांधायची लाकडी माटवी, तिला टांगायची फळं, भजनाला येणारी माणसं — तासन् तास बोलत राहायची, आनंदात. संध्याकाळपर्यंत पिशवीचा विसर पडायचा. हे मी डोळ्यांनी बघत होतो, एवढं लक्षात असू द्या. मला दुसरा रस्ता ठाऊक नव्हता, असं नाही.

पहिल्यांदा खरं सांगितलं ते चिडून. कामाची घाई होती, ती सारखी विचारत होती, आणि मी म्हटलं, आई, मामा मेला. तिने जो हंबरडा फोडला — तिच्यासाठी तो त्या क्षणी मेला होता ना! मला कुणी कळवलं कसं नाही, मातीला मी गेले नाही, असं म्हणत रडली, थकली आणि झोपली. संध्याकाळी उठली ती कोरी. काही आठवत नव्हतं तिला.

पण दुपारभर घर शांत होतं. माझं काम झालं होतं. वर एक सिनेमाही बघून झाला.

कळतंय ना, मी कुठे चाललोय?

दुसऱ्या दिवशी मी चिडलेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली, आवाज जड केला आणि सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. तिने पिशवी काढली की मी हातातलं काम सेव्ह करून उठायचो. सरावाने कळत गेलं — झोपेतच गेला, म्हटलं तर ती लवकर सावरते आणि जागी राहते. तुझी फार आठवण काढत होता, म्हटलं तर खूप रडते आणि झोपही लांबते. मी दुसरं वाक्य ठेवलं.

लूपवरचं माझं ते गाजलेलं भाषण याच काळातलं. आई झोपलेली असताना लिहिलेलं.

पावसाळा गेला, थंडी गेली. पुढे तिने मामाचं विचारणं बंद केलं, पिशवी भरणंही. मला वाटलं, आजार पुढे सरकला. मग एका रविवारी मंजिरी तिला पेज भरवत होती आणि मी सहज — अगदी सहज — खुर्ची ओढून शेजारी बसलो. आई आक्रसली. दोन्ही हातांनी कान झाकले आणि मंजिरीला म्हणाली,

"ह्या माणसाक भायर काढ गो. हो बाजूक येऊन बसलो की माझा कोणतरी मरता."

मंजिरीने माझ्या पाठीवर हात ठेवला. आजार बोलतोय, मनाला लावून घेऊ नकोस, म्हणाली. डॉक्टरही म्हणाले, अशा पेशंटला कधीकधी जवळच्याच माणसाची भीती बसते. मी मान हलवली.

मी खोलीत पाऊल टाकलं की आई कान झाकायची. म्हणून मंजिरीने चांगली नोकरी सोडली आणि शेवटपर्यंत आईचं सगळं केलं. शेवटचं पाणीसुद्धा आईने माझ्या हातून घेतलं नाही. लोक हळहळले — बिचारीने पोटच्या मुलालाही ओळखलं नाही, म्हणाले. मंजिरी आजही तेच म्हणते, आणि मी ऐकून घेतो.

आईने मला ओळखलं होतं.