काकांच्या ट्रॅक्टरची रेस

माझ्या मावशीच्या यजमानांइतकी जगाची लाज स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस अख्ख्या जव्हारात दुसरा सापडायचा नाही. एसटी उशिरा आली की थांब्यावरच्या अनोळखी बायकांना ते "तुमचा फार खोळंबा झाला हो," असं इतक्या अपराधी सुरात सांगतात, की नवख्याला वाटावं, गाडी यांनीच अडवून ठेवली होती. पाहुण्याच्या हातून चहा सांडला की पाहुण्याआधी यांचे कान लाल होतात. एकदा कीर्तनात बुवांना ठसका लागला, तर काका उठून देवळाबाहेर जाऊन बसले. "बघवेना," म्हणाले.

अशा माणसाने कचेरीतून निवृत्त झाल्यावर जुना ट्रॅक्टर घ्यावा आणि त्या ट्रॅक्टरने नेमका चारचौघांत तमाशा करावा! काही वर्षांपूर्वी भातलावणीच्या दिवसांत त्याला नवीनच खोड लागली. थोडा वेळ काम ओढलं, की इंजिनाची रेस आपोआप चढायची, मग पडायची, पुन्हा चढायची. घूंऽ घूंऽ करत दम लागल्यासारखा आवाज. काका रस्त्याने जाणाऱ्यांना हात जोडून सांगायचे, "नेहमी असा नसतो हो." ट्रॅक्टर चालवणाऱ्या सोमाने फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली. मिस्त्रीने पंपाची स्प्रिंग तपासली. जव्हारात दोन फेऱ्या मारल्या की सगळं ठीक. शेतात उतरलं की पुन्हा घूंऽ घूंऽ.

त्यातच पोशेरा गावचं काम आलं. सोमाच्या सासऱ्यांनी आयुष्यभर मजुरी करून पहिल्यांदाच एक शेत वाट्याने घेतलं होतं. जावई ट्रॅक्टर घेऊन येतोय म्हणून पाड्यावरची माणसं बांधावर जमली होती. रोपं उपटून मुठी बांधून ठेवलेल्या. लावणीआधीची चिखलणी त्याच दिवशी व्हायला हवी होती. काका आणि मीही गेलो होतो. अर्धं शेत झालं आणि रेस वरखाली व्हायला लागली. बांधावर कुणीतरी हसलं. सासरे म्हणाले, "जावयबापू, तुमचा मशीन दमला का काय?"

सगळे आणखी हसले. काकांचे कान लाल झाले, मग मान, मग सगळा चेहरा. आणि जन्मात कुणाला अरे-तुरे न केलेला तो माणूस चिखलात उतरून ओरडला, "सोमा, तू डिझेल विकलंस! रॉकेल घातलंस यात!"

हसणं थांबलं. इंजिन तेवढं घूंऽ घूंऽ करत राहिलं. सोमा म्हणाला, "नाय काका. मी हात नाय लावला." त्याच्या बायकोने हातातली रोपांची मूठ खाली ठेवली आणि ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"आत्ता वास घेऊन दाखवतो," म्हणत काका टाकीपाशी गेले. पावसाचं पाणी डिझेलात जाऊ नये म्हणून त्यांनीच टाकीच्या झाकणावर प्लास्टिक ताणून ट्यूबच्या रबराने आवळलं होतं. ते सोडून त्यांनी झाकण फिरवलं मात्र, सुस्सकन हवा आत शिरली. इंजिन एकदा अडखळलं आणि एका लयीत चालू लागलं. झाकणाला हवेसाठी असलेलं बारीक भोक त्या प्लास्टिकने बुजलं होतं. हवा आत जाईना, म्हणून डिझेल खाली उतरेना.

 हे कुणी सांगायची गरजच नव्हती. काका हातात झाकण घेऊन उभे. ओठ हलत होते, पण रस्त्यावरच्या कुणाचीही माफी मागणाऱ्या त्या माणसाला एक शब्द सापडेना. सोमाने त्यांच्याकडे न बघता शेत पुरं केलं. 

दुसऱ्या दिवशी काका एकटेच जीपने पोशेऱ्याला गेले आणि लावणी करणाऱ्या सगळ्यांसमोर म्हणाले, "डिझेल चांगलं होतं. चूक माझी होती. सोमा चोर नाही." मला हे सोमाच्या सासऱ्यांनीच नंतर बाजारात सांगितलं. "बरा झाला, बोलून गेलं," एवढंच ते म्हणाले.

सोमा त्या दिवशी तिथे नव्हता. दिवाळीनंतर तो भिवंडीला कामाला गेला. जाताना काकांच्या पाया पडला, "तिकडं बरा काम मिळालाय," म्हणाला. काकांनी नुसती मान हलवली.

शिमग्याला बाहेरगावी गेलेली माणसं परततात, तेव्हा काका जीपच्या थांब्यावर उभे असतात. उतरणाऱ्या प्रत्येकाकडे बघतात. "कुणाची वाट बघताय?" विचारलं तर म्हणतात, "कुणाची नाही, भाजी घ्यायला आलोय." हातात पिशवी नसते.