साडूबुवांचा शुक्रवार

ओळख ना पाळख अशा माणसांच्या चुका इतक्या मायेने काढणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात आमच्या साडूबुवांशिवाय दुसरा सापडणार नाही. सापडलाच तर मला कळवू नका, एक पुरे झाला. साडूबुवा म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. राहतात रीडिंगला. मी हाउन्सलोचा, विमानतळावर कार्गोत काम करणारा. त्यामुळे हे गृहस्थ नक्की करतात काय, हे माझ्या डोक्यात शिरायला बराच काळ गेला. तर, कारखान्यातल्या मशीनशेजारी किंवा मोबाइलच्या टॉवरखाली एक छोटा कॉम्प्युटर बसवतात. दूरच्या मोठ्या सर्व्हरला दर वेळी विचारत न बसता त्याने जागच्या जागी निर्णय घ्यायचा. त्या डब्यात चालणारं सॉफ्टवेअर साडूबुवांनी सुरू केलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुणीही घ्या, वापरा, दुरुस्ती सुचवा. पोटापाण्याची नोकरी वेगळी; हा नुसता जिवाचा छंद.

एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर इथे गोडीगुलाबीने एकत्र काम करायचे, आणि कुणाची दुरुस्ती आत घ्यायची हे साडूबुवा ठरवायचे. त्यांचं उत्तर ‘थँक यू, छान प्रयत्न’ असं सुरू व्हायचं आणि पुढे त्या बिचाऱ्याच्या कामाचा धागा न् धागा उसवला जायचा. पण शेवटी तो कसा शिवायचा तेही समजावून सांगायचे, न कंटाळता. किती तरी पोरं त्यातून शिकून मोठ्या हुद्द्यांवर गेली. ही सवय पानावर बसल्यावरही सुटायची नाही. माझ्या बायकोच्या पिठल्याला ते ‘छान प्रयत्न’ म्हणाले तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. ताई शांतपणे म्हणाल्या, “मनावर घेऊ नकोस गं. लग्नात माझ्या उखाण्यालाही हेच म्हणाले होते.”

दुसरं वेड प्लग उपटण्याचं. कुठलीही दुरुस्ती आली की ती गॅरेजमधल्या जुन्या डब्यांवर चढवायची आणि चालू कामात खसकन प्लग ओढायचा. डबा आपणहून सावरून कामाला लागला तर दुरुस्ती पास. कारखान्यात वीज जाते, टॉवरवर वादळ येतं, तिथे कुणी इंजिनिअर उभा नसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबरच होतं हो. पण आमच्या मंडळाच्या गणपतीत, भाड्याच्या हॉलमध्ये, एक बाई नाट्यगीत ऐन रंगात गात असताना यांनी साउंड सिस्टिमचा प्लग काढून पाहिला. सिस्टिम काही परत उठली नाही. “आजच कळलं ते बरं झालं,” असं म्हणून ते प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मंडळाच्या सेक्रेटरीबाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

पुढे कंपन्यांना घाई झाली. नवी आवृत्ती झटपट हवी, आणि हा रीडिंगचा म्हातारा प्लग ओढत बसतो. तेव्हा मेडनहेडच्या कुठल्याशा ऑफिसातल्या एका अतिशय सभ्य माणसाने सगळ्यांच्या ऑनलाइन चर्चेत अतिशय सभ्य भाषेत प्रस्ताव टाकला, की साडूबुवांना आता सन्माननीय करावं. सन्माननीय म्हणजे नाव राहणार, अधिकार जाणार. शुक्रवारपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर सर्वांची संमती धरली जाईल. ही गप्प बसणाऱ्याची संमती धरण्याची रीत घालून दिली होती खुद्द साडूबुवांनीच. लोक कामात असतात, प्रत्येकाच्या होकारासाठी सगळ्यांनी का खोळंबायचं, म्हणून. कुणीही एकाने नुसतं ‘नाही’ लिहिलं असतं तरी प्रस्ताव तिथेच अडला असता.

तो आठवडाभर साडूबुवा स्क्रीनसमोर बसून होते. ताई चहा ठेवून जायच्या, गार झालेला परत न्यायच्या. ज्यांना त्यांनी बोट धरून शिकवलं ते सगळे तिथेच होते, बाकीच्या विषयांवर बोलत होते. एकालाही वाचा फुटली नाही. शुक्रवार संपला. शनिवारी मात्र सगळ्यांना कंठ फुटला! लेजंड काय, एका युगाचा अंत काय, टाळ्यांची चित्रं काय. मेल्यांनो, काल कुठे होतात? माझा तर असा संताप झाला, की एकेकाला कार्गोच्या पेटीत भरून पाठवून द्यावं.

रविवारी आम्ही रीडिंगला गेलो. ताई कोथिंबीर निवडत होत्या. मी न राहवून विचारलं, “अहो, एवढं सगळं तुमच्या डोळ्यांदेखत झालं. तुमचंही मत होतंच की. एक शब्द लिहायचा होता, ‘नाही’.”

त्यांनी टेबलावरचे कोथिंबिरीचे देठ गोळा केले. मग म्हणाले, “स्वतःसाठी कसं लिहू रे? मला वाटलं, कोणीतरी लिहील.”

मी उगाच ट्रॅफिकचं काहीतरी बोललो.

आता मी अधूनमधून त्यांना फोन करतो. काम काही नसतं, सहजच. पूर्वी यांचा फोन लागणं म्हणजे नशिबाची गोष्ट होती. आता पहिल्याच रिंगला उचलतात आणि “बोल, मी मोकळाच आहे” म्हणतात.